शिक्षा नवी, झडतीचें कलम मात्र जुनेंच

दूरसंचाराचा कायदा म्हटला कीं आमच्या पुष्कळ वाचकांस वाटतें, हा मोठमोठ्या कंपन्यांचा आणि दिल्लीच्या कचेऱ्यांचा प्रश्न आहे. आपल्यासारख्या दुकानदार-व्यापाऱ्यांस त्याशीं काय कर्तव्य? हा समज आतां सोडला पाहिजे. अंधेरी स्टेशनाबाहेर मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर, घाटकोपरांत जुने हँडसेट घेऊन विकणारा दुकानदार, मुलुंडांत घरोघर इंटरनेटची तार पोंचविणारा केबलवाला, बोरिवलींत सोसायटीच्या रखवालदारांसाठीं वॉकीटॉकी विकत आणणारा सेक्रेटरी, हे सर्व आज, त्यांच्या ध्यानांत असो वा नसो, ह्या कायद्याच्या कक्षेंत उभे आहेत. १९३३ सालीं जें यंत्र हजारांत एकाच्या घरीं सांपडलें असतें, त्याहून कितीतरी बलवान् यंत्र आज प्रत्येकाच्या खिशांत आहे. तेव्हां ह्या यंत्रांची झडती कोणीं, केव्हां आणि कोणत्या मर्यादेंत घ्यावी, हा प्रश्न आतां घरोघरचा झाला आहे.

२०२३ सालच्या डिसेंबरांत संसदेनें दूरसंचार कायदा मंजूर केला. १८८५ चा तार कायदा आणि १८३३ नव्हे, १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा, ह्या दोन्ही परकी अमलांतील कायद्यांची जागा घेण्यासाठीं तो केलेला आहे. त्यांतील शिक्षेचीं व झडतीचीं कलमें २६ जून २०२४ पासून अमलांत आलीं. ४२ वें कलम गुन्हे सांगतें. अधिकारपत्रावांचून दूरसंचाराची सेवा चालविणारास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन कोटि रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हँडसेटाचा ओळखक्रमांक बदलणें, ठकबाजीनें किंवा दुसऱ्याच्या नांवानें सिमकार्ड मिळविणें, परवानगीवांचून संदेश अडविणारें यंत्र बाळगणें, ह्यांस तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे गुन्हे दखलपात्र असून जामीनपात्र नाहींत. म्हणजे पोलिसांनीं वॉरंटावांचून पकडावें, आणि जामीन हक्कानें मिळूं नये, इतक्या गंभीर वर्गांत ते घातलेले आहेत.

त्यापुढचें ४३ वें कलम झडतीचें. केंद्र सरकारनें ज्यास अधिकार दिला असेल असा कोणताहि अधिकारी, ४२ व्या कलमाखालील गुन्हा ज्याच्या संबंधांत घडला आहे असें जाळें किंवा यंत्र एखाद्या जागीं ठेवलेलें वा लपविलेलें आहे असें मानण्यास त्यास कारण असेल तर, ती इमारत, वाहन, जहाज, विमान किंवा जागा तपासूं शकेल आणि तें यंत्र ताब्यांत घेऊं शकेल, असा त्याचा आशय आहे. कलम येथेंच संपतें. अधिकारी कोणत्या दर्जाचा असावा, मानण्याचें कारण त्यानें आधीं लिहून ठेवावें कीं नाहीं, पंच असावेत कीं नाहीं, जप्त मालाची यादी केव्हां द्यावी, माल किती दिवस ठेवावा, ह्यांविषयीं कलमांत एक अक्षरहि नाहीं.

ह्या अधिकाराची गरजच नाहीं, असें म्हणण्याइतके आम्ही भोळे नाहीं. सिमबॉक्स म्हणून जें यंत्र असतें त्यांत पुष्कळ सिमकार्डें एकाच वेळीं बसवितात. परदेशांतून इंटरनेटवरून आलेला संवाद त्यांतून स्थानिक संवाद म्हणून बाहेर पडतो. सरकारचें आणि कंपन्यांचें उत्पन्न बुडतें हा त्यांतला लहान अनर्थ; बोलणारा खरोखर कोण व कोठचा हें कळण्याचा मार्गच बंद होतो हा मोठा. म्हाताऱ्या पेन्शनराला पोलिसांचें नांव सांगून लुबाडणारे चोर अशाच आडोशाचा उपयोग करतात. सिग्नल वाढविणाऱ्या बूस्टरांचेंहि तसेंच. एका घरांत आवाज स्वच्छ यावा म्हणून लावलेला बूस्टर शेजारच्या चार इमारतींचें बोलणें तोडतो. म्हणूनच असा बूस्टर परवानाधारक कंपनीवांचून दुसऱ्या कोणीं बाळगणें, विकणें वा वापरणें बेकायदा आहे, असें दूरसंचार विभागानें २०२२ सालीं जाहीर बजावलें. ज्या उपनगरांच्या डोक्यावरून दिवसरात्र विमानें उतरतात, तेथें आकाशांतील लहरींची शिस्त ही चैनीची गोष्ट नव्हे. बोरिवलीस गोराई रस्त्यावर केंद्र सरकारचें बिनतारी निरीक्षण केंद्र आहे, तें ह्याच कामासाठीं. लहर कोठून निघते हें शोधून काढावयाचें, आणि मग त्या दारापर्यंत जावयाचें, हें सरकारचें कर्तव्यच आहे. आमचा वाद दारापर्यंत जाण्याविषयीं नाहीं. दारांतून आंत कसें शिरावें ह्याविषयीं आहे.

ह्या वादाचें मूळ समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. १९३३ च्या कायद्याचें ७ वें कलम उघडून पाहावें. खास अधिकार दिलेला कोणताहि अधिकारी, ज्या यंत्रासंबंधीं गुन्हा घडला आहे तें यंत्र जेथें ठेवलेलें किंवा लपविलेलें आहे असें मानण्यास त्यास कारण असेल, अशी इमारत, जहाज किंवा जागा तपासूं शकेल आणि यंत्र ताब्यांत घेऊं शकेल, असेंच तें सांगतें. नव्वद वर्षांनंतरच्या नव्या कलमांत वाहन आणि विमान ह्यांची भर पडली. दूरसंचाराच्या जाळ्याचें नांव आलें. बाकी सांगाडा तोच. ज्या कायद्याचें वर्णन गुलामगिरीच्या खुणा पुसणारा म्हणून होतें, त्यानें परक्या सरकारच्या झडतीचें कलम जवळजवळ शब्दशः उचलावें, हें आम्हांस शोभादायक वाटत नाहीं.

परंतु ह्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. १९३३ सालीं परवान्यावांचून बिनतारी यंत्र बाळगल्याबद्दल पहिल्या गुन्ह्यास दंड होता शंभर रुपयांपर्यंत, आणि पुढील प्रत्येक गुन्ह्यास अडीचशेंपर्यंत. प्रक्षेपक यंत्रासाठीं कैदेची शिक्षा मागाहून घालण्यांत आली. ज्या गुन्ह्याची परिसीमा शंभर रुपये दंड, त्याच्या झडतीस फार मोठा विधि नको, असें त्या वेळच्या कायदेकारांस वाटलें असल्यास त्यांत कांहीं तरी संगति होती. आमच्या वडील पिढीस रेडिओच्या परवान्याचें पुस्तक आठवत असेल. पोस्टांत जाऊन वर्षाची फी भरावी, पुस्तकावर शिक्का घ्यावा, आणि तपासनीस आल्यास तें पुढें करावें. १९८० नंतरच्या दशकांत तो परवाना रद्द होईपर्यंत हा क्रम चालू होता. तपासनीस आला म्हणून कोणाची अब्रू गेली नाहीं कीं धंदा बसला नाहीं. आतां शंभर रुपयांच्या जागीं पन्नास लाख आले, दोन कोटि आले, तीन वर्षांची बिनजामिनी कैद आली. शिक्षा इतक्या पटींनीं वाढली. झडतीवरची मर्यादा मात्र तसूभरहि वाढली नाहीं. आमची तक्रार एवढीच आहे, आणि ती लहान नाहीं.

परवान्याचा कायदा कोणाविरुद्ध वापरला जाईल ह्याची खात्री तो करणारासहि नसते, हें मुंबईनें एकदां पाहिलेलें आहे. १९४२ च्या आगस्टांत ह्याच शहरांत उषा मेहता ह्या बावीस वर्षांच्या मुलीनें व तिच्या सोबत्यांनीं काँग्रेस रेडिओ सुरू केला. परवाना अर्थातच नव्हता. बिऱ्हाडें बदलीत, पोलिसांच्या शोधक मोटारी चुकवीत तो सुमारें तीन महिने चालला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं गिरगांवांत झडती होऊन तो बंद पडला, आणि उषाबाईंस चार वर्षांची शिक्षा झाली. त्या राज्याच्या दृष्टीनें तो केवळ बेकायदा प्रक्षेपक होता; देशाच्या दृष्टीनें तो देशाचा आवाज होता. आजचें सरकार लोकांनीं निवडलेलें आहे, आणि आजचा सिमबॉक्सवाला देशभक्त नव्हे, हें आम्ही जाणतों. पण झडतीचा अधिकार देतांना तो उद्यां कोणाच्या हातीं असेल व कोणाच्या दारीं जाईल, ह्याचा विचार करूनच त्यास कुंपण घालावें लागतें. चांगल्या अधिकाऱ्यास कुंपणाची अडचण होत नाहीं, आणि वाईट अधिकारी त्यावांचून आवरत नाहीं.

एक साधी कल्पना करूं. अंधेरींत आठ बाय दहाचें दुकान आहे. फळीवर गिऱ्हाइकांचे चाळीस हँडसेट दुरुस्तीस आलेले आहेत. खणांत जुने, सुटे भाग काढावयाचे आणखी साठ. त्यांतल्या एकाचा ओळखक्रमांक पूर्वीं कोणीं तरी बदललेला आहे, आणि तो दुकानदारास ठाऊक नाहीं. अधिकारी येतात, शंभरच्या शंभर हँडसेट आणि संगणक घेऊन जातात. खटला पुढें होईल, कदाचित् होणारहि नाहीं. दुकानदार निर्दोष सुटेल. पण त्या चाळीस गिऱ्हाइकांस तो काय सांगणार ? त्यांच्या हँडसेटांत मुलांचे फोटो आहेत, बँकेचीं खातीं आहेत, वैद्याचे कागद आहेत. त्यांचा गुन्हा तर कांहींच नाहीं. माल परत केव्हां मिळेल हें ज्या कलमांत सांगितलेलें नाहीं, त्या कलमाखालील झडती हीच मोठी शिक्षा होऊन बसते, आणि ती न्यायाधीशाच्या आधीं भोगावी लागते. ज्या सत्तेस अशी शिक्षा देतां येते, तिच्या हाताखालच्या माणसास ती न देण्याचें मोल मागण्याचाहि मोह होतो. इन्स्पेक्टरराज म्हणून व्यापारी जें म्हणतात, त्याची उत्पत्ति दुष्ट माणसांपासून जितकी होते, त्याहून अधिक अशा मोकळ्या कलमांपासून होते.

ह्यावर असें उत्तर येईल कीं, फौजदारी कामाचा सामान्य कायदा आहेच; त्यांतले नियम येथेंहि लागतील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत नियम चांगले आहेत, हें आम्ही आनंदानें कबूल करतों. वस्तीतील दोन प्रतिष्ठित पंच हवेत. जप्तीची यादी करून जागेच्या मालकास तिची नक्कल दिली पाहिजे. तपासणी अंमलदारानें वॉरंटावांचून झडती घेण्याचीं कारणें आधीं लिहावीं, आणि त्या लेखाची नक्कल ४८ तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटाकडे पाठवावी. १०५ व्या कलमाप्रमाणें झडतीचें दृक्श्राव्य चित्रण व्हावें. परंतु ह्यांतले पुष्कळ नियम पोलिस अंमलदारास उद्देशून लिहिलेले आहेत. दूरसंचार विभागाचा अधिकारी हा पोलिस नव्हे. त्याला ह्यांतला कोणता नियम कितपत बांधतो, ह्याचा निकाल वकिलांच्या वादानंतर कोर्टांत लागेल. घाटकोपरच्या दुकानदारानें तोंवर काय करावें ? जो नियम लागूच आहे असें सरकारचें म्हणणें असेल, तो स्पष्ट लिहून देण्यांत सरकारचें जातें काय ?

मर्यादा घालणें अशक्य आहे असेंहि नव्हे. कारण ह्याच क्षेत्रांत ती इतरत्र घातलेली आहे. दूरध्वनीवरील बोलणें चोरून ऐकण्याच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं, नागरी स्वातंत्र्यासाठीं झगडणाऱ्या पी. यू. सी. एल. संस्थेच्या अर्जावर, लेखी हुकूम, वरिष्ठ अधिकारी आणि फेरतपासणीची समिती हे निर्बंध घालून दिले. आमच्या मुंबई उच्च न्यायालयानें २०१९ सालीं एका व्यावसायिकाविरुद्धचे असे तीन हुकूम रद्द ठरविले आणि ऐकलेलें संभाषण नष्ट करण्यास सांगितलें. नव्या कायद्याखालीं २०२४ च्या डिसेंबरांत ह्या विषयाचे स्वतंत्र नियमहि झाले. म्हणजे कानावर पहारा आहे, दारावर मात्र नाहीं. मोठ्या कंपन्यांचें पाहावें तर त्यांच्या परवान्याच्या करारांतच असें लिहिलेलें असतें कीं, नोटीस दिल्यानें तपासणीचा हेतुच फसणार नसेल तर सामान्यतः वाजवी नोटीस देऊन मगच तपासणी होईल. कोट्यवधींचा धंदा करणारास कराराचें संरक्षण, आणि फळीवर दुकान मांडणारास कायद्याचें मौन, हा न्याय उफराटा आहे. केबलवाल्यांसाठीं १९९५ सालीं जो कायदा झाला, त्याच्या मूळ कलमांत जप्त सामान जिल्हा न्यायाधीशाच्या मंजुरीवांचून दहा दिवसांपेक्षां अधिक ठेवूं नये असें स्पष्ट होतें. आणि तें कायमचें सरकारजमा करण्यापूर्वीं लेखी नोटीस व म्हणणें मांडण्याची संधि द्यावी असेंहि होतें. तीस वर्षांपूर्वीं एका तारेच्या व्यवसायास जें देतां आलें, तें आज दुसऱ्यास देण्यास कोणती अडचण आहे ?

न्यायालयाचा कल कोणीकडे आहे हेंहि सरकारनें विसरूं नये. २००४ सालीं कॅनरा बँकेच्या प्रकरणांत, आंध्र प्रदेशांतील मुद्रांक कायद्याची अशीच एक दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयापुढें आली होती. कलेक्टरानें अधिकार दिलेल्या कोणाहि व्यक्तीनें जाऊन कागदपत्र तपासावेत व ताब्यांत घ्यावेत, अशी ती तरतूद होती. मार्गदर्शक मर्यादांवांचून दिलेला असा अधिकार टिकूं शकत नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. पुढें २०१७ सालीं नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगी आयुष्य हा मूलभूत हक्क असल्याचें सांगितलें. तेव्हां ४३ व्या कलमास नियमांचें कुंपण घालणें हें केवळ नागरिकांच्या हिताचें नाहीं. खरा गुन्हेगार झडतीच्या दोषावर सुटूं नये अशी इच्छा असेल तर तें सरकारच्याहि हिताचें आहे.

आतां दोन शब्द आमच्याच लोकांस. सरकारास मर्यादा शिकवूं जाणारानें आपलें अंगण आधीं झाडलें पाहिजे. गिऱ्हाइकानें एका सिमकार्डासाठीं दिलेल्या कागदांवर दुसरें सिमकार्ड काढणारा दुकानदार आमच्यांतलाच असतो. बिल न मागतां, ओळखक्रमांक न पाहतां, चोरीचा हँडसेट अर्ध्या किमतींत घेणारा गिऱ्हाईकहि आमच्यांतलाच. तळमजल्यावर आवाज येत नाहीं म्हणून कंपनीकडे लेखी तक्रार करण्याऐवजीं बाजारांतून बूस्टर आणून गच्चीवर बसविणाऱ्या सोसायट्या आहेत. आणि कोणत्या लहरीवरील वॉकीटॉकीस परवाना लागत नाहीं ह्याची चौकशी न करतां स्वस्त मिळाला म्हणून घेणारेहि आहेत. ४४६ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या ठराविक पट्ट्यांतील कमी शक्तीच्या संचांस २०१८ च्या नियमांनीं परवान्यांतून मोकळीक दिलेली आहे. ती पाहून घेण्यास पांच मिनिटें पुरतात. व्यापारी मंडळांनीं आपल्या सभासदांस एवढें शिकविलें, आणि प्रत्येक जुन्या हँडसेटाच्या खरेदीची वही ठेवण्याची चाल पाडली, तर निम्म्या झडत्यांचें कारणच उरणार नाहीं. ज्याची वही स्वच्छ आहे त्यालाच अधिकाऱ्यास ताठ मानेनें प्रश्न विचारतां येतो.

आमच्या मागण्या थोड्या आहेत, आणि त्यांसाठीं नवा कायदा करावयास नको. नियम करण्याचा अधिकार ह्याच कायद्यानें केंद्र सरकारास दिलेला आहे. झडती घेणाऱ्याचा किमान दर्जा ठरवावा, आणि त्यानें आपलें अधिकारपत्र दारांतच दाखवावें. झडतीचें कारण आधीं लिहावें व त्याची नक्कल ४८ तासांत मॅजिस्ट्रेटाकडे जावी. पंच, चित्रण आणि जागच्या जागीं मराठींत वाचून दाखविलेली यादी, हीं तिन्ही सक्तीचीं असावींत. ज्या वस्तूविषयीं संशय तीच घ्यावी. दहा दिवसांनंतर ती ठेवावयाची तर न्यायाधीशाची मंजुरी घ्यावी. आणि निरपराध गिऱ्हाइकांची मत्ता सर्वांत आधीं परत करावी. वर्षांतून एकदां किती झडत्या झाल्या, किती खटले उभे राहिले, किती माल परत गेला, ह्याचा जमाखर्च संसदेपुढें ठेवावा. कारणावांचून छळासाठीं झडती घेणारास शिक्षा असावी. ह्यांतली एकहि गोष्ट सिमबॉक्स पकडण्याच्या आड येत नाहीं.

उपनगरांचे खासदार हा प्रश्न संसदेंत विचारूं शकतात. व्यापारी मंडळें मंत्र्यांकडे लेखी निवेदन पाठवूं शकतात. त्यांनीं तें एखाद्या दुकानदाराच्या बायकामुलांवर प्रसंग ओढवण्यापूर्वीं करावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. शिक्षेच्या बाबतींत सरकारनें काळाबरोबर पाऊल टाकलें. आतां झडतीच्या बाबतींतहि तें १९३३ साल सोडून पुढें येवो.